टेस्टोस्टेरॉन: चालू ठेवायचं की थांबवायचं?

संप्रेरकांच्या वाटेवर : लेखांक १४

शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी आहे हे कसं ठरवावं, ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. सकाळी उपाशीपोटी, किमान दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करावी, दोन्ही वेळा पातळी कमी यावी आणि जोडीला लक्षणंही असावीत. एवढं जुळल्याशिवाय उपचाराला हात घालू नये, असा त्या लेखाचा सांगावा होता. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा, आणि माझ्या मते अधिक अवघड. उपचार सुरू होऊन वर्ष, दोन वर्षं, कधी पाच वर्षं लोटलेली असतात. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, नाहीतर रोज आंघोळीनंतर खांद्याला जेल, हा नेम अंगवळणी पडलेला असतो. मग कधीतरी रक्ततपासणीत हिमोग्लोबिन चढलेलं दिसतं, बदलीच्या गावी नवे डॉक्टर भेटतात, मूल हवं असा विचार सुरू होतो, किंवा बायकोच विचारते, "हे अजून किती दिवस घ्यायचं?"

चिठ्ठीवर याचं उत्तर सहसा नसतं. अँटिबायोटिक पाच दिवसांचं, थायरॉइडची गोळी बहुधा जन्मभराची, हे पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. टेस्टोस्टेरॉनबाबत असं काही ठरतच नाही. ते आशेनं सुरू होतं, सवयीनं चालू राहतं, आणि पुष्कळदा कुणालाही न विचारता बंद होतं. अमेरिकेतल्या 'ट्रॅव्हर्स' या मोठ्या चाचणीत पाच हजारांहून अधिक पुरुष होते. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल दिलं होतं, निम्म्यांना तसंच दिसणारं औषधविरहित जेल. दोन्ही गटांतल्या साठ टक्क्यांच्या आसपास पुरुषांनी ते मध्येच सोडून दिलं. चाचणीत, इतक्या देखरेखीत ही स्थिती, तर घरच्या घरी काय होत असेल याची कल्पना करता येते. न ठरवता चालू ठेवणं आणि न ठरवता सोडणं, दोन्ही मला सारखंच काळजीचं वाटतं.

निर्णयाकडे वळण्यापूर्वी शरीराच्या आत काय चाललेलं असतं ते पाहू. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतरानं पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देतो. पिट्यूटरी मग एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. एलएचमुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होतं. एफएसएच आणि वृषणांतलं टेस्टोस्टेरॉन यांच्या जोडीनं शुक्राणू घडतात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदूला ते कळतं आणि इशारे मंदावतात. बाहेरून औषध दिलं की मेंदूला पुरवठा भरपूर दिसतो, मग इशारे जवळजवळ थांबतात. गच्चीवरची टाकी टँकरच्या पाण्यानं रोज काठोकाठ भरली तर खालची मोटर चालू करायला कुणी जात नाही, तसं हे घडतं. महिनोन्महिने काम न उरल्यानं वृषणं थोडी लहान आणि मऊ होतात. वृषणांच्या आतली टेस्टोस्टेरॉनची पातळी एरवी रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. ती कोसळते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा थांबते. रक्ताच्या अहवालात मात्र टेस्टोस्टेरॉन उत्तम दिसत असतं.

म्हणूनच औषध चालू असताना केलेल्या तपासणीवरून मूळ स्थिती कळत नाही. 'लेव्हल आता नॉर्मल आली, म्हणजे बंद करायला हरकत नाही' आणि 'लेव्हल औषधामुळेच नॉर्मल आहे, म्हणजे बंद करताच येणार नाही' ही दोन्ही वाक्यं मी वारंवार ऐकतो. अहवालातला तो आकडा औषधाचा असतो, तुमच्या ग्रंथीचा नसतो. त्यातून दोन्हींपैकी एकही गोष्ट सिद्ध होत नाही.

तेव्हा पहिलं काम जुनी फाइल काढण्याचं. उपचार सुरू होण्यापूर्वीचे कागद शोधा. नमुना किती वाजता घेतला होता? तपासणी एकदाच झाली होती की दोनदा? सोबत एलएच आणि प्रोलॅक्टिन तपासलं होतं का? त्या दिवसांत एखादा मोठा आजार किंवा शस्त्रक्रिया झाली होती का, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का, दीर्घकाळ अफूवर्गीय वेदनाशामकं घेतली जात होती का? या कागदांतून बहुतेक पुरुष दोनपैकी एका गटात पडतात, आणि पुढचा सगळा विचार त्या गटावर अवलंबून असतो.

पहिला गट मूळ यंत्रणाच बिघडलेल्यांचा. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये पुरुषाच्या पेशींत एक एक्स गुणसूत्र जास्त असतं. साधारण पाचशे ते साडेसहाशे पुरुषांमागे एकात ते आढळतं, आणि अनेकांना त्याचा पत्ता लागतो तो मूल होत नाही म्हणून तपासणीला गेल्यावरच. कॉलमन सिंड्रोममध्ये मेंदूकडून इशाराच येत नाही. अशा मुलाचं वयात येणं लांबतं आणि त्याला वासही येत नाही. गालगुंडाचा संसर्ग वृषणांत उतरलेले, पीळ पडून किंवा कर्करोगामुळे दोन्ही वृषणं गमावलेले, केमोथेरपी किंवा रेडिएशन झालेले, पिट्यूटरीच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेले असेही पुरुष या गटात येतात. थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर रक्त द्यावं लागतं. त्यातलं लोह पिट्यूटरीत साचतं आणि तारुण्यात त्यांनाही याची गरज पडते.

या गटाला मी स्पष्ट सांगतो: आपल्या मनानं थांबवू नका. यांच्या बाबतीत हे औषध म्हणजे शरीरात जे बनतच नाही त्याची भरपाई आहे. ती बंद झाली की हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं, स्नायू क्षीण होतात, हाडं विरळ होत जातात. हाडांचं दुखणं तर पहिलं फ्रॅक्चर होईपर्यंत कळतही नाही. तरीही आपल्याकडे नेमके हेच तरुण उपचार सोडतात. लग्न ठरतं आणि इंजेक्शनची गोष्ट सासरी कळू नये म्हणून ते बंद होतं. 'हार्मोन अंगाला लागतात' असं कुणी नातेवाईक सांगतं. कधी दर तिमाहीच्या इंजेक्शनचा खर्च झेपत नाही. खर्चाची अडचण खरी असेल तर ती डॉक्टरांना सांगावी. तुलनेनं स्वस्त इंजेक्शनं उपलब्ध आहेत, प्रकार बदलून घेता येतो. लाजेपोटी सोडलेल्या उपचाराची किंमत मात्र चाळिशीत मणक्याला मोजावी लागते.

याच गटातल्या एखाद्याला मूल हवं असेल तर वाट वेगळी आहे. दोष मेंदूकडच्या इशाऱ्यात असेल, वृषणं मुळात धड असतील, तर टेस्टोस्टेरॉन थांबवून एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं दिली जातात. त्यांनी वृषणांना थेट चालना मिळते. महिनोन्महिने चिकाटी लागते, पण अनेकांना शुक्राणू येतात. हा उपचारातला बदल आहे. औषध सोडणं आणि औषध बदलणं यांत इथे मोठं अंतर आहे.

दुसरा गट खूप मोठा, आणि 'चालू की बंद' हा प्रश्न खऱ्या अर्थानं त्यांचाच. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, पोट सुटलेलं, मधुमेह आलेला किंवा उंबरठ्यावर असलेला, झोप अपुरी, घोरणं मोठं, कामाचा ताण. तपासणीत टेस्टोस्टेरॉन थोडं खाली, एलएच मात्र नेहमीसारखं. इथे ग्रंथी शाबूत असते, पण परिस्थितीनं दबलेली असते. वजन वाढलं की रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो. चरबी फारच वाढली की मेंदूचे इशारेही मंदावतात. वजन उतरलं की पातळी बहुधा वर येते, आणि जितकं वजन जास्त उतरतं तितकी जास्त. युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिक लक्षणं आणि खरोखर कमी पातळी, दोन्ही एकत्र असलेले पुरुष त्यात जेमतेम दोन टक्के निघाले. थकवा, चिडचिड, झोप न लागणं ही लक्षणं टेस्टोस्टेरॉन उत्तम असलेल्यांनाही तितक्याच सहजतेनं होत होती.

या गटातल्या पुरुषानं स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचा प्रश्न हा, की उपचारानं मला नेमकं काय मिळालं? त्याचं उत्तर आठवणीवर सोडू नये. कारण टोचून घेतलेल्या औषधानं बरं वाटणं ही माणसाची जुनी प्रकृती आहे. पॅरिसमध्ये १८८९ साली ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञानं कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यातला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचं जाहीर केलं. टेस्टोस्टेरॉन पाण्यात फारसं विरघळत नाही. त्या अर्कात ते कामापुरतंही नव्हतं. त्यांना आलेला जोम मात्र त्यांच्यापुरता खराच होता.

म्हणून अपेक्षा कुठल्या आणि किती दिवसांनी ठेवायच्या, हे माहीत असलेलं बरं. कामेच्छेत फरक पडायचा असेल तर साधारण तीन आठवड्यांत जाणवू लागतो. ताठरतेत फरक पडायला सहा महिनेही लागू शकतात. स्नायू-चरबीचं प्रमाण तीन-चार महिन्यांत हलू लागतं, हाडांची घनता सहा महिन्यांनंतर. अमेरिकेतल्या 'टी ट्रायल्स' या चाचण्यांत ६५ वर्षांवरचे ७९० पुरुष होते, सगळ्यांची पातळी खरोखर कमी होती. वर्षभरात त्यांच्या लैंगिक जीवनात मध्यम सुधारणा झाली, मनःस्थितीत थोडीशी. कारण न सापडलेला रक्तक्षय पुष्कळांचा सुधारला. पण 'दम', 'उत्साह', 'एनर्जी' यांसाठी जे मापन ठेवलं होतं, त्यात ठरवलेल्या कसोटीवर फायदा दिसला नाही. स्मरणशक्तीतही नाही. आपल्याकडे हे औषध सर्वाधिक ज्या तक्रारीसाठी मागितलं जातं, त्याच तक्रारीवर त्याचा प्रभाव सर्वांत कमी आहे. मला यात सर्वांत बोलकी वाटणारी बाब हीच आहे.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०२० मध्ये वयानुसार टेस्टोस्टेरॉन घटलेल्या पुरुषांसाठी सल्ला दिला. लैंगिक तक्रारीसाठी उपचार सुरू केला असेल तर बारा महिन्यांच्या आत फेरविचार करा, आणि सुधारणा नसेल तर थांबवा, असं त्यात सांगितलं आहे. मला हा सल्ला पटतो. तो पहिल्या दिवशीच रुग्णासमोर मांडला जावा असंही वाटतं. सहा महिने-वर्षभर, योग्य मात्रेत, पातळी मधल्या टप्प्यात ठेवूनही मूळ तक्रार जागची हलली नसेल, तर तिचं मूळ दुसरीकडे आहे. ते रक्तवाहिन्यांत असेल, साखरेत असेल, नैराश्यात असेल, घरातल्या अबोल्यात असेल. टेस्टोस्टेरॉन चालू ठेवल्यानं ते शोधायचं राहून जातं, हे नुकसान मोठं.

'योग्य मात्रेत, पातळी मधल्या टप्प्यात' या शब्दांपाशी थोडं थांबतो, कारण तपासणीची वेळ चुकली की निष्कर्ष चुकतो. जेल लावणाऱ्यानं किमान आठवडाभर नियमित लावल्यावर, लावल्यापासून दोन ते आठ तासांच्या आत नमुना द्यावा. पंधरवड्यानं घ्यायच्या इंजेक्शनात दोन इंजेक्शनांच्या मधोमध. अनडेकॅनोएट हे मोठं इंजेक्शन दहा ते चौदा आठवड्यांनी मिळतं, त्यात पुढच्या इंजेक्शनाच्या लगेच आधी. आपल्याकडे चार एस्टर (टेस्टोस्टेरॉनची रासायनिक रूपं) एकत्र असलेलं अडीचशे मिलिग्रॅमचं इंजेक्शन तीन आठवड्यांनी देण्याचा रिवाज आहे. त्यात पहिल्या काही दिवसांत पातळी वर उसळते आणि तिसऱ्या आठवड्यात पार खाली जाते. या शेवटच्या दिवसांत रुग्णाला गळून गेल्यासारखं वाटतं, चिडचिड होते. तो म्हणतो, "बघा डॉक्टर, इंजेक्शन संपलं की मी संपतो." पण ती घसरण त्या इंजेक्शनाच्या चढउताराची असते. अंतर कमी करून मात्रा विभागली, किंवा जेल दिलं, तर बहुधा ती नाहीशी होते. तेवढ्यावरून जन्मभराच्या गरजेचा निकाल देऊ नये.

आता धोक्यांकडे. इथे सर्वांत आधी रक्त घट्ट होण्याचा विषय येतो, कारण तो सर्वांत नेमानं घडतो. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायला लावतं. रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ज्याला अहवालात हिमॅटोक्रिट म्हणतात, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवून ते खाली येऊ द्यावं, घोरणं-झोपेतला श्वासरोध यांची तपासणी करावी आणि नंतर कमी मात्रेत सुरू करता येतं का ते पाहावं, असं एंडोक्राइन सोसायटीची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इंजेक्शनांत हा प्रकार जेलपेक्षा जास्त. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत दोन वर्षं इंजेक्शन घेतलेल्या सुमारे २२ टक्के पुरुषांचं हिमॅटोक्रिट ५४ च्या पुढे गेलं. रक्तदान करून ते उतरवायचं आणि औषध तसंच रेटायचं, ही पळवाट काहींना सोपी वाटते. मात्रा न बदलता असं वारंवार करणं मला योग्य वाटत नाही.

प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी. औषध सुरू केल्यापासून वर्षभरात पीएसए १.४ पेक्षा जास्त वाढलं, किंवा पुन्हा तपासूनही ४ च्या वर राहिलं, तर यूरोलॉजिस्टकडे जायलाच हवं. केसांसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावं. त्या गोळीनं पीएसए जवळपास निम्मं होतं आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

हृदयाबद्दल बरीच वर्षं भीती होती. ट्रॅव्हर्स चाचणी त्यासाठीच झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यातल्या पुरुषांना हृदयविकार होता किंवा त्याचा मोठा धोका होता. हृदयविकारानं मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी औषधाच्या गटात ७ टक्के जणांना झालं, औषधविरहित गटात ७.३ टक्के. म्हणजे त्या बाबतीत दिलासा. पण हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक इजा, हे तिन्ही औषधाच्या गटात थोडं जास्त आढळलं. पुढच्या वर्षी त्याच चाचणीतून हाडांचा हिशेब आला, आणि तो अपेक्षेच्या उलट होता. फ्रॅक्चर औषधाच्या गटात ३.५ टक्के, दुसऱ्या गटात सुमारे अडीच टक्के. हाडांची घनता वाढवणारं औषध, आणि हाडं मात्र जास्त मोडली. याचं कारण अजून वादात आहे. मी यातून एवढंच घेतो, की ज्याची यंत्रणा खरोखर बिघडलेली नाही त्यानं 'हाडांसाठी' म्हणून हे औषध चालू ठेवू नये.

मूल हवं असेल तर मात्र फार विचार करत बसायला वेळ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टोस्टेरॉनची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी केली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम इंजेक्शन दिलं. ही मात्रा नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त होती. सहा महिन्यांत त्यांतल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. गर्भनिरोधक म्हणून तपासलेलं हेच औषध 'शुक्राणू कमी आहेत' म्हणून कुणी दिल्याच्या चिठ्ठ्या पाहिल्या की वाईट वाटतं. मूल होत नसलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देणं म्हणजे उरलेली आशाही महिनोन्महिने मागे ढकलणं. त्या जोडप्यानं पुढच्या इंजेक्शनाची वाट न पाहता थांबून तज्ज्ञाकडे जावं. यात दिलासा देणारी बाब अशी, की अशा चाचण्यांतल्या निरोगी पुरुषांमध्ये औषध थांबवल्यावर सुमारे दोन तृतीयांश सहा महिन्यांत, तर नव्वद टक्के वर्षभरात पुरेशा शुक्राणूसंख्येवर परतले. काहींना दोन वर्षं लागली. ज्यांची संख्या मुळातच कमी होती, त्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत.

समजा, फाइल पाहिली, फायदा-तोट्याचा हिशेब मांडला आणि थांबवायचं ठरलं. आता येतो तो टप्पा, जो मला या लेखात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. औषध थांबवलं की पहिले काही आठवडे शरीर दुहेरी खड्ड्यात असतं. बाहेरचा पुरवठा संपलेला आणि आतली निर्मिती अजून जागी झालेली नसते. या काळात थकवा येतो, कामेच्छा जवळजवळ नाहीशी होते, मन खिन्न होतं, व्यायामात वजनं जड वाटतात. पुरुषाला वाटतं, 'हाच माझा मूळ स्वभाव, औषधाशिवाय मी असाच.' आणि तो पुन्हा सुरू करतो. पण हा काळ खोटा साक्षीदार आहे. या दिवसांतली अवस्था उपचारापूर्वीच्या अवस्थेपेक्षाही वाईट असते, कारण त्या वेळी निदान स्वतःची ग्रंथी तरी काम करत होती. पहिल्या तीन महिन्यांतल्या त्रासावरून कायमचा निर्णय घेणं म्हणजे त्या खड्ड्यालाच आपली जमीन समजणं.

हा खड्डा किती लांब, ते औषधाच्या प्रकारावर आणि ते किती काळ घेतलं यावर ठरतं. जेल काही दिवसांत अंगातून जातं. मिश्र एस्टरचं इंजेक्शन जायला काही आठवडे लागतात. अनडेकॅनोएटचं तेल स्नायूतून झिरपत राहतं, ते पूर्ण उतरायलाच महिने जातात आणि त्यानंतर ग्रंथीच्या जागं होण्याला सुरुवात होते. वर जिचा उल्लेख आला त्या ऑस्ट्रेलियन चाचणीत पोट सुटलेल्या, मधुमेहाच्या वाटेवरच्या पण ग्रंथी शाबूत असलेल्या पुरुषांना दोन वर्षं हेच इंजेक्शन दिलं होतं. थांबवल्यावर त्यांच्यावर आणखी वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. बहुतेकांची ग्रंथी जागी झाली, पण संथपणे. उपचारापूर्वीच्या पातळीला पोहोचायला अनेकांना साधारण वर्ष लागलं. या अभ्यासात उपचारामुळे मधुमेह लक्षणीय कमी झाला होता, हेही नमूद करायला हवं: दोन वर्षांनी औषधाच्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात २१ टक्के. मात्र दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम बरोबरीनं दिला होता. ट्रॅव्हर्समध्ये नुसत्या जेलनं मधुमेह रोखल्याचं दिसलं नाही. म्हणून केवळ साखरेसाठी हे औषध पुढे ओढायला माझं मन तयार होत नाही.

थांबवण्याची वेळ निवडता येते, आणि निवडावी. घरात आजारपण, नोकरीत अनिश्चितता, मुलीचं लग्न तोंडावर, अशा दिवसांत हा प्रयोग करू नये. पत्नीला आधी सांगावं, की पुढचे काही महिने कामेच्छा उतरेल, मूड जाईल, त्याचा तिच्याशी संबंध नाही. एवढं एक वाक्य न बोलल्यामुळे किती घरांत गैरसमज होतात. पूर्वी नैराश्य झालेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना कळवून ठेवावं. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. 'औषध सोडल्याचा त्रास आहे, जाईल' असं म्हणून ते सोसू नये. वजन, झोप आणि घोरणं यांवर काम याच काळात सुरू करावं. ग्रंथी ज्या ओझ्याखाली दबली होती ते तसंच ठेवून ती उठेल अशी अपेक्षा कशी करायची? ग्रंथीला चालना देण्यासाठी क्लोमिफीन किंवा एचसीजी काही तज्ज्ञ वापरतात. त्याचा निर्णय त्यांनीच घ्यावा, औषध दुकानाच्या काउंटरवर तो होऊ नये. टेस्टोस्टेरॉन कायद्यानं चिठ्ठीशिवाय मिळू नये असं औषध आहे, तरी ते तसं मिळतं, हे आपण सगळे जाणतो.

तपासणी कधी करायची? औषध पूर्ण उतरल्याशिवाय करून उपयोग नाही. जेल किंवा लहान इंजेक्शनांनंतर मी साधारण तीन महिन्यांनी पहिला आणि सहा महिन्यांनी दुसरा नमुना पाहतो, मोठ्या इंजेक्शनानंतर त्याहून उशिरा. टेस्टोस्टेरॉन आणि एलएच दोन्ही, सकाळी, उपाशीपोटी. एलएच वर येऊ लागलं असेल आणि टेस्टोस्टेरॉन त्याच्या मागून सावकाश चढत असेल, तर अजून वाट पाहण्यासारखं आहे. एलएच बरंच चढलं आणि टेस्टोस्टेरॉन तळाशीच राहिलं, तर वृषणांत दोष आहे. तो पुरुष मुळातच पहिल्या गटातला होता, निदान अर्धवट राहिलं होतं. दोन्ही खालीच राहिली तर पिट्यूटरीकडे पाहायला हवं.

वर्षभर वाट पाहूनही पातळी वारंवार कमी आली, लक्षणं टिकून राहिली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर उपचार पुन्हा सुरू करण्यात कमीपणा नाही. तसंच, ज्या साठीतल्या माणसाला उपचारानं वैवाहिक आयुष्यात खरा फरक पडला आहे, ज्याचं हिमॅटोक्रिट आणि पीएसए ताब्यात आहे, ज्याला मूल नको आहे आणि जो वर्षातून एकदा तपासणीला येतो, त्यानं ते चालू ठेवलं तर मी अडवणार नाही. घरात नातवंडं अंगाखांद्यावर खेळत असतील तर जेल लावलेली जागा झाकून ठेवावी, हात धुवावेत. ते औषध स्पर्शातून लहान मुलांच्या अंगात जातं आणि त्यांच्यात अवेळी तारुण्याच्या खुणा दिसू लागतात.

एक अडचण मात्र कुठल्याच तपासणीत येत नाही. आपल्याकडे भिंतीभिंतींवर मर्दानी ताकदीच्या जाहिराती रंगवलेल्या असतात. टेस्टोस्टेरॉन थांबवणं म्हणजे पुरुषपणाचाच राजीनामा, असं अनेकांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. माझ्यासमोर बसलेला माणूस हिमॅटोक्रिटचा आकडा समजून घेतो, मान डोलावतो आणि तरीही विचारतो, "पण मग मी..." आणि वाक्य अर्धं सोडतो. त्या वेळी अहवाल बाजूला ठेवून अर्धा तास त्याच्याशी बोलणं हाही उपचाराचाच भाग आहे. घाईच्या ओपीडीत तेच होत नाही.

पुढच्या भेटीला जाताना उपचारापूर्वीचे अहवाल, किती मात्रा किती अंतरानं घेतली याची नोंद, शेवटच्या इंजेक्शनाची तारीख आणि सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. त्यात केसांच्या गोळ्या, पाठदुखीच्या गोळ्या आणि जिममधून आणलेले डबेही आले. या शेवटच्या गोष्टीचं प्रकरण मोठं आहे. ट्रेनरच्या सांगण्यावरून विशी-पंचविशीतली मुलं जी 'सायकल' मारतात, तीत शरीराचं काय होतं आणि बाहेर कसं पडायचं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.